सत्काराआधीचा केर

गल्लीत तिला सगळे फौजदारीण म्हणत. पाठीमागेच हं, तोंडावर म्हणायची छाती कुणाची? तोंडावर ती सगळ्यांची आत्या. सकाळी सहाला हातात खराटा घेऊन ती रस्त्याच्या टोकाला उभी राहिली, की वरच्या मजल्यावरून पिशवी भिरकावायला उचललेले हात जागच्या जागी थांबत. एकदा एका वकिलानं गाडीत बसता बसता संत्र्याची सालं खिडकीबाहेर टाकली. आत्यानं ती एकेक करून वेचली आणि परत त्याच्या मांडीवर नेऊन ठेवली. "तुमची राहिली होती," म्हणाली. वकिलाला एरवी बोलायचेच पैसे मिळतात, पण त्या दिवशी बिचाऱ्यानं सालं मुकाट खिशात कोंबली.

बावीस वर्षं ती नगरपालिकेचे तेच चार रस्ते झाडत होती. माणसं तिला चेहऱ्यापेक्षा केरावरून जास्त ठाऊक. कुणाचं घरात बिनसलंय, कुणाकडे पाहुणे ठाण मांडून बसलेत, सगळं तिला डब्याचं झाकण उघडलं की कळायचं. सात नंबरच्या घरात रहिवासी मंडळाचे सेक्रेटरी राहत. डॉक्टरांनी त्यांचं गोड बंद केलं होतं आणि हे गृहस्थ बिस्किटांचे रिकामे पुडे वर्तमानपत्रात गुंडाळून, बायकोची नजर चुकवून, रोज स्वतः खाली आणून टाकत. म्हणजे गेली कित्येक वर्षं रोज सकाळी दोघांची गाठ पडत होती. साहेबांनी मान वर करून कधी पाहिलं नाही, ही गोष्ट वेगळी.

एवढी जगाला धाकात ठेवणारी बाई, पण घरी एका माणसापुढे तिची डाळ शिजत नव्हती. ते माणूस म्हणजे सून. भांडखोर होती म्हणाल, तर मुळीच नाही. भांडली असती तर आत्यानं तिला दोन दिवसांत सरळ केलं असतं. सून गोड बोलायची, वेळेवर औषध द्यायची, चष्म्याच्या दुकानात काउंटरवर कामाला जायची. आणि दुकानातल्या मैत्रिणींना सांगायची, "आमच्या सासूबाई नगरपालिकेत असतात." पुढे कुणी विचारू नये म्हणून लगेच चष्म्याच्या काड्यांचं बोलणं काढायची.

हेही आत्यानं चालवून घेतलं असतं. पण मागच्या वर्षी एकदा सून दुकानातल्या दोघी मैत्रिणींबरोबर आत्याच्याच रस्त्यानं आली. आत्या ओंजळीनं पाचोळा भरत होती. सुनेनं तिला पाहिलं, आणि मान वळवून समोरच्या बंद दुकानाची पाटी वाचत निघून गेली. त्या रात्री जेवताना दोघी मिठाबद्दल बोलल्या, दाराच्या कडीबद्दल बोलल्या, त्याबद्दल ब्र काढला नाही. मुलगा दोघींच्या मध्ये बसून मुकाट्यानं जेवला. त्याचा तो स्वभावच. आत्याच्या मनाला मात्र ते फार लागलं. सालं टाकणाऱ्या वकिलाला उत्तर देता येतं, पाटी वाचणाऱ्या सुनेला काय देणार?

अशात मंडळानं ठरवलं, की कष्टकऱ्यांचा जाहीर सन्मान करायचा आणि पहिला मान आत्याला द्यायचा. अध्यक्षबाई स्वतः घरी येऊन कार्ड देऊन गेल्या. सुनेनं कार्ड दोनदा वाचलं. कार्यक्रमाच्या दिवशी, रविवारी सकाळी, आत्याचे ठेवणीतले कपडे इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकलेले होते. "मी येईन पाचपर्यंत," ती म्हणाली. "मागं कुठंतरी बसेन."

आत्याला तेवढं पुरे होतं. तिला ना प्रमाणपत्राचं कौतुक, ना फुलांचं. फुलं काय, दुसऱ्या दिवशी तिलाच झाडावी लागणार. सुनेनं आपल्याला एकदा खुर्चीत बसलेलं पाहावं, हात रिकामे, कपडे स्वच्छ, आणि वर कुणीतरी आपल्याबद्दल चार शब्द चांगले बोलतंय, इतकंच तिला हवं होतं. त्यासाठी ती पाचच्या कार्यक्रमाला साडेतीनला जाऊन थडकली.

मंडळाच्या हॉलची दशा बघून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. कुणाच्या तरी लग्नाच्या कागदी झिरमिळ्या खुर्च्यांखाली तशाच, भिंतीकडेला चहाचे कागदी कप, आणि धूळ अशी की बोटानं नाव लिहावं. हॉलची झाडणारी बाई त्या दिवशी आलीच नव्हती. अध्यक्षबाईंचा घसा बसल्यामुळे सगळा भार एकट्या सेक्रेटरींवर, आणि त्यांची पाचावर धारण बसलेली.

"आलात एकदाच्या," आत्याला बघून ते म्हणाले. "केव्हापासून वाट बघतोय."

आत्याला बरं वाटलं. आपली एवढी वाट बघतात म्हणजे काय.

"झाडू त्या कपाटात आहे. पाचच्या आत सगळं लख्ख झालं पाहिजे. मुख्य पाहुण्या यायच्या आहेत."

"कोण मुख्य पाहुण्या?"

"आहेत एक थोर बाई. त्यांना वाटलं पाहिजे, की आपला मान ठेवला."

आता दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, अहो, सत्कार माझा आहे, मी कशाला झाडू? पण आत्याचे हात दारातूनच शिवशिवत होते. झाडू मिळाला नसता तर तिनं रुमालानं झाडलं असतं. शिवाय सात नंबरचे साहेब आपल्याला ओळखतात, याबद्दल तिच्या मनात तीळभर शंका नव्हती. ओळखीच्या माणसाची अडचण झाली तर मदत करायला नको? आणि आपल्या शेजारी कुणा थोर बाईला बसवणार असतील, तर तिच्या पायाखाली चहाचे कप कसे चालतील?

तिनं बाह्या वर सारल्या आणि कामाला भिडली. खुर्च्या रांगेनं उचलल्या, पाण्याचा हबका मारला, दारापासून दूरच्या टोकाकडून धूळ ओढत आणली. सेक्रेटरी तिच्या मागेपुढे फिरत हातातल्या कागदावरून भाषण पाठ करत होते. "ज्या हातांनी वीस वर्षं आपले रस्ते झाडले, त्या हातांपुढे आपण नतमस्तक... जरा पाय उचलू? हं, झाडा... नतमस्तक झालं पाहिजे."

"बावीस," आत्या केर भरता भरता म्हणाली.

"काय बावीस?"

"वर्षं. वीस नाही, बावीस."

साहेबांनी खिशातून पेन काढून आकडा सुधारला. "बरं झालं सांगितलंत. ओळखता वाटतं त्यांना? तुमच्यातल्याच ना त्या."

आत्या सरळ उभी राहिली. केराची सुपली खाली ठेवली. तिच्या डोक्यात एकेक गोष्ट सावकाश जागेवर जाऊन बसली: झाडू, कपाट, थोर बाई. इतकी वर्षं रोज सकाळी हा माणूस वीतभर अंतरावरून जातोय. आणि आता याच तोंडानं नतमस्तक होणार. तिच्या तोंडाचा पट्टा सुटायच्या बेतात होता. तो सुटला असता, तर साहेबांची बिस्किटंही बाहेर निघाली असती.

पण तिनं तोंड उघडलं आणि दारात सून दिसली. एकटी नव्हती, बरोबर दुकानातल्या त्या दोघी मैत्रिणी. सत्कार बघायला घेऊन आली होती त्यांना. तिच्यामागून माणसांचा घोळकाच आत आला आणि बघता बघता निम्मा हॉल भरला.

खुर्चीत बसलेली सासू दाखवायला पोरीनं धीर करून मैत्रिणी आणल्या, आणि सासू उभी आहे धुळीनं माखून, हातात झाडू. आता आपण भांडलो तर सगळ्यांना कळणार, ही कोण आणि कुणाची. सुनेला पुन्हा पाटी वाचावी लागायला नको. आणि इथं वाचायला पाटी तरी कुठं होती?

"अहो, पाच वाजले, तुम्ही अजून इथंच?" सेक्रेटरींनी घड्याळ दाखवलं. "स्टेज राहिलं तर राहू द्या. मागच्या दारानं जा."

बावीस वर्षांत कुणाचं उलट ऐकून न घेतलेली फौजदारीण "बरं" म्हणाली. खाली मान घातली, झाडू काखेत धरला आणि सुनेकडे न बघता मागच्या दाराकडे चालू लागली. तिचं नशीब म्हणा, दार जरा लांब होतं.

"आई."

हाक मोठी नव्हती, पण हॉलमधल्या सगळ्या माना वळल्या.

"आई, कुठं निघालात?" सून खुर्च्यांमधून वाट काढत येत होती. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता, पण ती थांबली नाही. "साहेब, तुम्ही ज्यांची वाट बघताय ना, त्या याच. माझ्या सासूबाई. तुमच्या इथले चार रस्ते त्या झाडतात." मग मैत्रिणींकडे वळून तिनं आणखी एकदा सांगितलं, "झाडतात."

सेक्रेटरी आधी कागदाकडे बघत राहिले, मग आत्याकडे, मग परत कागदाकडे, जणू तिथं चेहरा लिहून ठेवला असावा. "मला... म्हणजे मी तुम्हाला कधी... आपण वर चला, आपण आधी वर बसा."

"स्टेज झाडलेलं नाही," आत्या म्हणाली. "मी घाणीत बसत नाही."

साहेबांनी तिच्या काखेतला झाडू घेतला आणि वर धावले. कधी हातात झाडू धरला असेल तर शपथ. पहिल्याच फटक्यात अशी धूळ उडवली, की पुढच्या रांगेला खोकल्याची उबळ आली. आत्या स्टेजच्या पायरीकडे निघाली, पण सुनेनं तिच्या खांद्याला धरून पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसवलं.

"तुम्ही बसा."

सून वर गेली, साहेबांकडून झाडू घेतला आणि झाडायला लागली. सगळा हॉल बघत होता, दोघी मैत्रिणी बघत होत्या. ती कुणाकडे बघत नव्हती आणि कुणापासून तोंडही फिरवत नव्हती. आत्या रिकामे हात मांडीवर ठेवून बसली. तिला पुसट दिसत होतं, तरी एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली नाही: पोरीला झाडायचं ज्ञान शून्य होतं, सगळा केर सरळ मागच्या पडद्याखाली चालला होता. फौजदारीण त्याबद्दल अवाक्षर बोलली नाही.