राणीछाप रुपयाची आंघोळ

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधे नको. हा किस्सा सांगताना मला अजून मान वर करता येत नाही, आणि त्यात कुणी फिदीफिदी हसलं की गोष्ट अर्धवट राहते.

मागच्या वर्षी मला नाणी जमवायचा नाद लागला. नाद म्हणजे काय, मोबाइलवर दोन व्हिडिओ बघितले आणि एका ग्रुपमध्ये शिरले. तिथे कळलं की नाण्यांचीसुद्धा परीक्षा असते. एका कंपनीकडे नाणं पाठवायचं. ते लोक भिंगातून तपासतात, खरं-खोटं बघतात, दर्जा ठरवतात आणि कडक प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत पाठवतात. डबीवर दर्जा छापलेला. जन्मात कधी पहिला वर्ग न मिळालेल्या बाईला मोह होणार नाही का, तुम्हीच सांगा.

माझ्याकडे पाठवण्यासारखं काही नव्हतं. सासूबाईंकडे होतं. चांदीचा राणीछाप रुपया. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या सासूबाईंनी ओटीत घातलेला. वर्षभर देव्हाऱ्यात आणि लक्ष्मीपूजनाला पाटावर. इतक्या दिवाळ्यांचं हळदी-कुंकू त्या राणीच्या केसांत बसलं होतं की ती आमच्याच घरची सवाष्ण वाटायची.

"आई, द्या ना. कंपनीचा शिक्का बसेल."

"मला कशाला शिक्का? तो खरा आहे हे मला माहीत आहे." मग माझं तोंड बघून म्हणाल्या, "बरं, ने. पण लक्ष्मीपूजनाच्या आत घरात पाहिजे. आणि जसा देते तसा."

जसा देते तसा. ऐकलं मी. पण परीक्षेला मळक्या तोंडानं कसं पाठवायचं? पाहुणे बघायला येणार म्हटल्यावर आपण मुलीला तोंड धुवायला लावतोच की.

सासूबाई भाजी आणायला विश्रांतवाडीच्या चौकात गेल्या आणि मी मोरीत बसले. चिंच घेतली, भांड्यांची पावडर घेतली, शेवटी टूथपेस्ट आणि जुना ब्रश. एरवी मी कढईलासुद्धा वरवर पाणी दाखवते, पण त्या दिवशी हात दुखेपर्यंत घासलं. राणी अशी लखलखली की मला माझंच कौतुक वाटलं.

ग्रुपवर ऐटीत फोटो टाकला. खाली लिहिलं, ‘चिंचेनं साफ केला, आज पाठवतेय.’ वाघोलीच्या एका काकांनी लिहिलं, ‘उत्तम. पुढच्या वेळी तारेची घासणीही वापरून बघा.’

मी त्यांना ‘धन्यवाद’ लिहिलं हो.

दिवाळीच्या तोंडावर डबी आली. वर इंग्रजीत छापलं होतं की नाणं अस्सल आहे, पण घासलेलं आहे, म्हणून दर्जा देता येत नाही. ग्रुपवर विचारलं तेव्हा समजलं, जुन्या नाण्याचा काळपटपणा हेच त्याचं वय. तो एकदा घालवला की गेला. काकांनी या वेळी काहीच लिहिलं नाही, हात जोडल्याचं चित्र टाकलं.

"काय लिहिलंय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"अस्सल आहे असं लिहिलंय." खोटं नव्हतं. मी अर्धंच वाचलं, इतकंच.

लक्ष्मीपूजनाला त्यांनी डबी ताम्हनात ठेवली आणि वरून पंचामृत सोडलं. ते सगळं घरंगळून खाली. "लक्ष्मीला रेनकोट घातलाय का गं यांनी?" म्हणाल्या. मग चष्मा लावून डबी समईजवळ धरली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हा आपला नाही. आपल्या राणीच्या केसांत कुंकू होतं."

आमचे हे लगेच म्हणाले, "बदलला असणार. आजकाल कुणाचा भरवसा नाही."

आणि मी? मी समईची वात सारखी करत बसले.

"दुसऱ्याची लक्ष्मी कशी पुजायची? जिची आहे ती बाईही शोधत असेल बिचारी." असं म्हणून सासूबाईंनी डबी बाजूला ठेवली आणि माझ्याकडे दहा रुपयांचं नाणं मागितलं. नवी साडी नेसून, त्या दहाच्या नाण्याला हळदी-कुंकू वाहताना त्यांचे डोळे भरून आले. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

दिवाळी सरल्यावर त्यांनी कंपनीला फोन लावायला सांगितलं. स्पीकरवर. मला म्हणाल्या, "तू भिडस्त आहेस. तू बस, मी बोलते."

तिकडून एक बाई शांतपणे म्हणाली, "आजी, नाणं बदललेलं नाही. आमच्याकडे आलं तेव्हाच ते कुणीतरी घासलेलं होतं. घरात विचारून बघता का?"

"घरात?" सासूबाईंचा आवाज चढला. "घरात आम्ही तिघं. मी घासणार नाही. मुलाला घासणी कुठे असते ते माहीत नाही. राहिली सून. तिच्यावर आळ घेऊ नका, सांगून ठेवते. अहो, आमची कढई येऊन बघा एकदा. तिचा मूळ रंग कुठला ते आता कुणाला आठवत नाही. ती नाणं घासणार होय?"

बघा म्हणजे. माझ्या बाजूनं इतकं ठामपणे आयुष्यात कुणी बोललं नव्हतं.

मग मात्र राहवेना. "आई, राहू द्या. मीच घासला. चिंचेनं."

ह्यांच्या हातातला चिवडा हातातच राहिला. सासूबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग फोनमध्ये म्हणाल्या, "माफ करा हं बाई. चूक आमच्याच घरची." आणि फोन ठेवला.

मग त्यांनी ह्यांच्याकडून डबी फोडून घेतली. रुपया तळहातावर घेऊन अंगठा फिरवला, राणीच्या कानाजवळ थांबवला. "हा जुना खड्डा आहे. आपलाच आहे." मोठा श्वास सोडला. "कुंकू काय, भरेल हळूहळू. मी नसले तर तू भरशील."

मी रडायलाच लागले. "आई, चुकलं माझं."

त्यांनी रुपया देव्हाऱ्यात ठेवला, आत गेल्या आणि कढई आणून माझ्यापुढे ठेवली.

"म्हणजे घासता येतं तर तुला."

तेव्हापासून आमच्याकडे कढईची रोज तपासणी होते, चष्मा लावून. दर्जा अजून मिळालेला नाही.