तळपायाला कळणारा डोंगर

बाहेरचा माणूस आमच्या डोंगराला हसतो. सह्याद्री बघून आलेला तर म्हणतो, हे टेकाड आहे. म्हणेना का. त्याला त्या टेकाडावर वैशाखात भर दुपारी अनवाणी उभं करा, मग विचारा डोंगर आहे का टेकाड.

इंदापूर तालुक्यात निरवांगीच्या बाजूला कालव्याचं पाणी आलेलं, ऊस, केळी, डाळिंब, सगळं हिरवंगार. आमची वस्ती त्या हिरव्याच्या काठावर, जिथं माळ सुरू होतो तिथं. माळ चढत चढत जातो आणि त्याचा डोंगर होतो. बाजूनं बघितलं तर दुरडीत भाकरी रचाव्यात तसे त्याचे थर दिसतात. तळाशी पांढरट मुरूम, हातानं उकरला तर येतो. त्यावर काळा फत्तर, पहार मारली तर पहारच वाजते. त्यावर हातभर जाडीचा तांबडा गेरूचा पट्टा, डोंगराच्या कमरेला करगोटा बांधावा तसा सगळीकडून फिरलेला. गेरूच्या वर मांजऱ्या, म्हणजे ठिसूळ, भोकाभोकांचा खडक, त्या भोकांत पांढऱ्या गारगोट्या चमकतात. आणि डोक्यावर परत काळा फत्तर.

वर जायला तीन वाटा होत्या. बैलवाट लांबची, वळसे घेत जाणारी. मेंढरवाट सरळ छातीवर येणारी. तिसरी खिंडीतून पलीकडं उतरणारी, बावड्याच्या बाजाराला जायला म्हातारी माणसं ती धरायची. आता बैलवाट खडी-क्रशरनं खाल्ली. खिंडीत संध्याकाळी पोरं दारू पितात आणि बाटल्या खडकावर फोडतात.

या तिन्ही वाटा मला पाठ आहेत, आणि त्या मी हौसेनं पाठ केलेल्या नाहीत.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, पाणाड्या होते. विहीर कुठं पाडायची, बोअर कुठं घ्यायची, ते सांगायचे. दुसरे पाणाडे हातात नारळ धरतात, काटकी धरतात. आबांना त्याचं हसू यायचं. ते अनवाणी चालायचे. त्यांचं म्हणणं, पावसाचं पाणी मांजऱ्यातून झिरपतं, गेरू चिकट, तो खाली जाऊ देत नाही, म्हणून पाणी गेरूच्या अंगानं सरकत जातं आणि जिथं फत्तराला भेग असेल तिथं खाली उतरतं. ती भेग डोळ्याला दिसत नाही. पण दुपारी सगळा दगड तव्यासारखा तापला की भेगेवर तळपायाला जरासा गारवा लागतो. तेवढा गारवा ज्याला कळतो तो पाणाड्या. म्हणून डोंगरावर पायताण घालायचं नाही, हा त्यांच्या घराण्याचा नेम. आजा तसाच चालला, पणजा तसाच चालला.

मी चालावं ही त्यांची इच्छा. सातव्या-आठव्या वर्षापासून उन्हाळ्याच्या सुट्टीत मला ते दुपारी वर न्यायचे, काळ्या फत्तरावर उभं करायचे आणि विचारायचे, गार कुठं हाय? मला सगळीकडं आगच लागायची. मी अंदाजानं काहीतरी दाखवायचो. चुकलं की तिथंच उभं राहायचं, पाय उचलायचा नाही. फोड यायचे. आई रात्री लोणी लावायची. एवढ्यावर भागलं असतं तरी मी विसरलो असतो. पण आबा पारावर बसून माझी गोष्ट चवीनं सांगायचे. म्हणायचे, आमच्या पोराला देवानं पाय दिलं न्हाईत, खुरं दिल्यात. सगळा पार हसायचा. माझ्या लग्नात, मुंडावळ्या बांधलेल्या असताना, त्यांनी माझ्या सासऱ्यांना हेच सांगितलं. मांडव हसला. माझी बायकोही हसली.

मी बारामती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात लागलो. रोज मोटरसायकलनं जाऊन-येऊन. पायात कंपनीचे जाड बूट. ते बूट घालताना मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

गेल्या गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. गावातल्या एका निवृत्त मास्तरांनी डोंगराच्या पायथ्याला जमीन घेतली होती. पाणी बघायला त्यांनी आबांनाच विचारलं. तालुक्यात आता मशीन घेऊन फिरणारे झालेत, पण मास्तरांचा आबांवर विश्वास. आबा खूश. जमीन आधी नुसती नजरेखालून घालू म्हणाले, म्हणून मी त्यांना गाडीवर बसवून नेलं. पोचल्यावर मी उतरलो, गाडी स्टँडवर लावली. आबा मागच्या सीटवर बसूनच डोंगराकडं हात करून गेरूचा पट्टा कुठं वाकलाय ते सांगत होते. मला कातडं जळल्याचा वास आला. बघतो तर आबांचा उजवा तळपाय सायलेन्सरवर टेकलेला. ते बोलतच होते. तोंडावरची रेषसुद्धा हलली नव्हती.

आबांना साखर आहे हे घरात माहीत होतं. गोळ्या कधी घ्यायचे, कधी नाही. आमच्या कारखान्यात दरवर्षी तपासणीला डॉक्टर येतात, त्यांच्याकडून मी ऐकलं होतं की साखरेनं पायाची जाणीव जाते आणि मग जखम कळत नाही. म्हणजे त्या क्षणाला मला सगळं कळलं. ज्या तळपायाच्या जोरावर या माणसानं मला आयुष्यभर खुरं म्हणून चिडवलं, तो तळपाय मेलेला होता. आणि ते त्यांनाच ठाऊक नव्हतं, की ठाऊक असून लपवत होते, देव जाणे.

मी म्हणालो, आबा, उतरा. एवढंच म्हणालो.

घरी आईला तो डाग दिसला. तिनं आबांना विचारलं, त्यांनी उडवून लावलं. मग तिनं मला एकटं गाठून विचारलं, हे कशानं भाजलं? मी म्हणालो, मला काय ठाऊक. तिनं हळद भरली. डाग वरून सुकला, आतून ओला राहिला. आबा जरा पाय ओढायला लागले. मला रोज दिसत होतं. मी रोज बूट घालून कामाला जात होतो.

मला कशाची वाट बघायची होती ते सांगतो. आबांनी पाण्याची जागा दाखवायचा दिवस मास्तरांनी वैशाखात ठरवला होता. गाव जमणार होतं. मला तो दिवस हवा होता.

त्या दिवशी दहा-बारा माणसं होती. आबा खिंडीच्या वाटेनं वर गेले, गेरूच्या पट्ट्यानं चालत आले, मग मास्तरांच्या बांधाकडं उतरले. मी त्यांच्या मागं. खिंडीतून निघाल्यापासून दगडावर रक्ताचे ठसे पडत होते. काळ्या फत्तरावर रक्त पटकन दिसत नाही, पण मला दिसत होतं, कारण मी तेच बघत होतो. लोक आबांच्या तोंडाकडं बघत होते. आबा थांबले, डोळे मिटले, टाच दाबली आणि म्हणाले, “हितं.”

मास्तर नारळ फोडायला वाकले, तेव्हा मी बोललो. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

“आबा, तुमच्या पायात काच घुसलीय. खिंडीपासनं. ती कळंना, आन् दगडाखालचं पाणी कळतंय व्हय तुमाला?”

कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. आबांनी पाय उचलून बघितला. बाटलीचा बोटभर तुकडा होता. त्यांनी तो उपसला, बाजूला टाकला, पाय परत त्याच जागेवर ठेवला आणि मास्तरांना परत म्हणाले, हितंच. मास्तरांनी नारळ हातात तसाच धरला. म्हणाले, आबा, आधी दवाखान्यात जाऊ. मग माणसं एकेक करून उतरायला लागली. पुढं मास्तरांनी मशीनवाला आणला, त्यानं दुसरी जागा दिली, तिथं पाणी लागलं. आबांच्या जागेवर कोणी काही पाडलंच नाही, त्यामुळं तिथं होतं का नव्हतं, मला सांगता येणार नाही.

बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाय बघितला आणि काचेबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. भाजल्याच्या डागावर बोट ठेवलं. म्हणाले, हे जुनं आहे, आत सगळं सडलंय, महिन्याभरापूर्वी आणलं असतं तर पाय वाचला असता. घरात कोणाच्या लक्षात आलं नाही का? आई रडत म्हणाली, मी हळद लावली हो. मी खिडकीतून पार्किंगमधली माझी गाडी बघत होतो. उजवा पाय गुडघ्याखाली काढला.

आबा घरी आले. अंगणात बाज टाकली, तिथून डोंगर समोर दिसतो. पाराला ते जात नाहीत, पारावरचं कोणी येत नाही. महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एका रविवारी, आई भाकरी थापत होती आणि मी बाजेशेजारी गाडी पुसत होतो, तेव्हा त्यांनी विचारलं.

“तवाच कळलं व्हतं न्हवं तुला? ह्या गाडीवर?”

मी फडकं खाली ठेवलं. खोटं बोलायची सोय होती. आईला एकदा बोललोच होतो. पण मी म्हणालो, “व्हय.”

“मंग बोलला का न्हाईस?”

“समद्यांच्या म्होरं बोलायचं व्हतं.”

आत आईचा थापायचा आवाज थांबला. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. आबांनी डोंगराकडं बघितलं. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं. मला त्या हव्या होत्या. त्यांनी उरलेला डावा पाय बाजेवरून उचलला आणि माझ्याकडं केला. त्या तळपायालाही काही कळत नाही, रोज कोणीतरी नजर घालायची, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तोवर ते काम आई करायची.

“आजपासनं ह्यो तू बघायचा,” आबा म्हणाले. “आन् काय दिसलं तर बोलायचं.”

तेव्हापासून मी बघतो. कारखान्यात पहिली पाळी असेल तर पहाटे बॅटरी लावून बघतो. पाय मांडीवर घेतो, बोटांच्या बेचक्या उघडतो, टाच फिरवून बघतो. तळवा नांगरटीच्या ढेकळासारखा भेगाळलेला आहे, सगळं नीट बघायला वेळ लागतो. मग मी सांगतो, काय न्हाय, आबा. ते पाय काढून घेतात, आईला हाक मारतात आणि तिला परत बघायला लावतात.