पंच्याहत्तर चिठ्ठ्यांखालचं खोरं

शनिवार, सकाळचे नऊ चाळीस. कोल्हापूरच्या कदमवाडीतल्या दोन खोल्यांपैकी पुढच्या खोलीत क्रांती धनवडे फरशीवर उकिडवी बसून एका मोठ्या नकाशावर पिवळ्या चिकट चिठ्ठ्या लावते आहे. नकाशात चौऱ्याऐंशी सहाकोनी घरं. नऊ उघडी आहेत. बाकीच्या पंच्याहत्तर घरांवर चिठ्ठ्या, म्हणजे तिथं काय आहे ते फक्त तिला माहीत.

क्रांती चौतीस वर्षांची. सोमवार ते शुक्रवार ती भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक आहे. लोकांच्या जमिनींच्या हद्दी मोजून देते. शनिवारी ती नसलेल्या जमिनीचा कारभार बघते. खेळ साधा आहे. एकजण कल्पनेतलं जग सांगतो, बाकीचे त्यातलं एकेक पात्र होतात. पात्र काय करतं ते खेळाडू तोंडानं सांगतो, ते जमलं की नाही हे फासा ठरवतो. त्यात लढाई असते, बोलाचाली असते आणि अनोळखी मुलूख धुंडाळणं असतं. क्रांतीचा जीव या शेवटच्या गोष्टीत. धुकेरी नावाचं हे खोरं तिनं दीड वर्ष खपून काढलं. त्यात कुठंतरी एक बुडालेलं नगर आहे. ते शोधायचं.

अडचण एवढीच की तिचे खेळाडू शोधत नाहीत. विचारतात.

हे इथल्या वळणाला धरूनच आहे. कोल्हापुरात वाट हवी असेल तर गाडीची काच खाली करतात आणि दिसेल त्याला विचारतात. आणि ज्याला विचारलं तो ‘माहीत नाही’ म्हणत नाही. गेले अकरा शनिवार हेच चाललं होतं. जंगलात शिरायच्या आधीच खेळातला वाटाड्या एखाद्या गुराख्याला गाठायचा, क्रांती गुराख्याच्या आवाजात खरी वाट सांगायची, मंडळी सरळ मुक्कामाला. वर गुराख्याच्या घरी जेवण.

तिच्या तीन खेळाडूंपैकी विश्वजित खेळात योद्धा. वय सव्वीस, घरी अकरा म्हशी. रविवारी सकाळी तो टर्फवर क्रिकेट खेळतो, आणि आता ती पोरं त्याला शनिवारीही बोलवत होती. मागच्या आठवड्यात त्यानं सांगून टाकलं होतं, “ताई, बारा मैल चालायचं आन् भाकरी खाऊन झोपायचं, ह्ये मी घरात बी करतोय. पुढच्या खेपेला काय घडलं न्हाय तर मी चाललो टर्फवर.” दोघांत हा खेळ रंगत नाही. विश्वजित गेला की खोरं गुंडाळून कपाटावर.

उपाय क्रांतीला गुरुवारी कामावर सापडला. एका बांधाच्या मोजणीला तीन शेजाऱ्यांनी छातीवर हात ठेवून तीन हद्दी दाखवल्या. खोटं कुणीच बोलत नव्हतं. ज्याची म्हैस जिथवर चरते तिथवरचं त्याला पक्कं माहीत होतं, पुढचं त्यानं सवयीनं भरून काढलं होतं. संध्याकाळी तिनं धुकेरीच्या सगळ्या गावकऱ्यांना हाच नियम लावला.

दहा वाजता मंडळी बसली. पूर्णिमा, जयसिंगपूरच्या शाळेतली गणिताची शिक्षिका, खेळात जादूगार. तिनं भडंगाची पिशवी मधे ठेवली. वाटाड्या आकाराममामा, गगनबावड्याच्या रस्त्यावर एकोणतीस वर्षं एसटी चालवून निवृत्त. पहिल्याच चिठ्ठीखाली एक म्हातारा निघाला आणि मामांनी हात वर केला.

“पावणं, बुडक्या गावाला कुठनं जायाचं?”

“उजवीकडनं जावा की,” क्रांती म्हाताऱ्याच्या आवाजात म्हणाली. “पूल लागंल. हाकेच्या अंतरावर हाय.”

पाच चिठ्ठ्या उचलून झाल्या तेव्हा दरी लागली. पूल नव्हता. नुसते दोन खांब.

“म्हातारा खोटारडा!” विश्वजित.

“न्हाय,” क्रांती म्हणाली. “पूल हुता तवा तो लग्नाच्या वऱ्हाडातनं आलता हिकडं. त्यानंतर कशाला येतोय?”

दुसऱ्या गावकऱ्यानं डावीकडं सांगितलं. तिसरी एक बाई भेटली, तिनं आधी जेवून जा म्हटलं. पूर्णिमानं दिशा ओळखायला वीस बाजूंचा फासा टाकला, तीनच पडले. खेळातलं धुकं उतरलं. शिधा दोन दिवसांचा उरला.

“मामा, आता कुठं?” पूर्णिमानं विचारलं.

“मी उभ्या जन्मात वाट चुकलेलो न्हाय,” मामा म्हणाले.

“मामा, तुमच्या एसटीला पाटी हुती. हितं पाटी हाय का?” विश्वजित.

मामांनी भडंग तोंडात टाकलं आणि खूप वेळ चावलं.

विश्वजितचा फोन वाजला. टर्फवाला सूरज. “थांब,” म्हणून त्यानं फोन पालथा ठेवला आणि स्वतःच एक चिठ्ठी उचलली. खाली ओढा होता. ओढ्याच्या काठाला दगडी पायऱ्या, पाण्यात उतरणाऱ्या. सातव्या पायरीवर ओली पावलं, वर येणारी.

मामा नकाशावर वाकले.

“ह्ये तर कुणीच सांगितलं नव्हतं,” पूर्णिमा म्हणाली.

“कुणी बघितलंय तर सांगतील,” क्रांती म्हणाली.

मग विश्वजितनं भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान फाडलं आणि मागच्या बाजूला आपला नकाशा काढायला घेतला: पूल, म्हातारा, ओढा. दरी त्यानं गावाच्या भलत्याच अंगाला काढली. उत्तर दिशा खाली गेली होती. चौदा वर्षं हद्दी मोजणाऱ्या बाईनं ते बघितलं, पेन्सिल उचलली, खाली ठेवली आणि चहा टाकायला उठली.

सव्वा वाजता विश्वजितचा फोन पुन्हा वाजला. पूर्णिमाला दोनच्या आत स्टेशन गाठायचं होतं. ती चपला घालता घालता ऐकत राहिली.

“शनिवारचं न्हाय जमत, सूरज. अरं, वाट चुकलोय.”

पलीकडनं काहीतरी विचारलं गेलं.

“लोकेशन कुठलं पाठवू? त्येच तर सापडंना झालंय!” त्यानं फोन खिशात टाकला आणि क्रांतीकडं वळला. “ताई, पुढच्या शनवारपातूर पायरीवरच उभं ऱ्हायाचं व्हय? उद्या बसूया की.”

मामा म्हणाले, उद्या त्यांना वेळच वेळ आहे, फक्त यापुढं विचारायचं काम दुसऱ्यानं करावं. पूर्णिमानं मोबाइलवर सकाळच्या गाडीची वेळ पाहिली आणि मान डोलावली. क्रांतीनं उघड्या घरांची संख्या वहीत लिहिली: एकवीस.

उद्या रविवार. टर्फवर सात ते नऊची वेळ विश्वजितच्या नावावर आहे आणि ती त्यानं रद्द केलेली नाही. क्रांतीच्या घरी बैठक साडेनऊला.