शिवलेले केस

अमेरिकेत आल्यावर पहिल्याच महिन्यात मी एका बाईबद्दल काय बोलले होते, ते आधीच सांगून टाकते. लायसन्सच्या ऑफिसात काउंटरवर एक काळी बाई बसली होती. डोक्यावर बारीक बारीक शंभरेक वेण्या, नीट मागे बांधलेल्या. मी सही चुकीच्या जागी केली म्हणून तिने फॉर्म परत दिला. परतताना गाडीत मी नवऱ्याला म्हणाले, "एवढ्या वेण्या घालायला दिवस दिवस बसत असेल. काम कधी करते कोण जाणे." तो हसला आणि मीही हसले. आम्ही दोघंही स्वतःला फार सुधारलेले समजत होतो.

ही दोन हजार एकची गोष्ट. अ‍ॅशबर्न हे आमचं नवं गाव तेव्हा अर्धं शेत आणि अर्धं बांधकाम होतं. नवरा एका छोट्या कन्सल्टिंग कंपनीच्या व्हिसावर आलेला, मी त्याच्या व्हिसावर. मला नोकरीची परवानगी नव्हती. दिवसभर घर आवरायचं आणि खिडकीतून क्रेन बघायच्या.

त्याच हिवाळ्यात माझे केस गळायला लागले. आधी टबच्या जाळीत गुंतवळ जमायची, तिकडे मी दुर्लक्ष केलं. मग कानामागे आठाण्याएवढी चाई पडली. मग दुसरी, आणि त्यानंतर मी मोजायचं सोडलं. डॉक्टर म्हणाली, तुझंच शरीर तुझ्या केसांच्या मुळांवर उठलंय, कारण सांगता येत नाही. ती डोक्यात इंजेक्शनं द्यायची आणि दर वेळी प्रामाणिकपणे सांगायची की खात्री काहीच नाही.

माझे केस कमरेखाली होते. लग्न ठरताना सासूबाई माझ्या आईला म्हणाल्या होत्या, "मुलगी सावळी आहे, पण केस काय आहेत हो!" माझं शिक्षण, माझं फटकळ तोंड, सगळं त्या केसांखाली झाकलं गेलं होतं. आणि आता त्याच सासूबाई सहा महिन्यांसाठी यायच्या होत्या. तिकीट काढून झालं होतं.

"आईला कळू द्यायचं नाही," नवरा म्हणाला. "ती कसली आहे तुला माहितीये."

"कसली आहे?"

"अगं, जुन्या वळणाची. उगाच टेन्शन घेईल. सहा महिने मॅनेज कर ना यार."

तो स्वतः माझ्या डोक्याकडे बघायचा बंद झाला होता. बोलताना त्याची नजर माझ्या हनुवटीवर असायची. मी ते लक्षात आलं नाही असं दाखवत होते, कारण लक्षात आलं असतं तर भांडावं लागलं असतं.

विग घेऊन बघितला. पण विग झोपताना काढावा लागतो, आणि दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये सासूबाई पहाटे चारला उठून घरभर फिरणार. डॉक्टरच्या दवाखान्यातल्या नर्सने माझा चेहरा बघून विचारलं, काय झालं. मी सांगितलं. तिने आपल्या मानेवर रुळणाऱ्या सरळ केसांना हात लावला आणि म्हणाली, "हे माझे नाहीत. शिवलेले आहेत." सहा महिने मी तिला बघत होते, मला कधी शंकासुद्धा आली नव्हती. तिने एका कागदावर पत्ता लिहून दिला.

दुकान कपडे धुण्याच्या लाँड्रोमॅटच्या शेजारी होतं. चालवणारी बाई सेनेगलची, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी असेल. उरलेल्या केसांच्या तिने डोक्याला चिकटून बारीक वेण्या घातल्या, चाईंवर जाळी बसवली आणि मग वाकड्या सुईने त्या जाळीवर आणि वेण्यांवर केसांच्या पट्ट्या शिवत गेली. सहा तास लागले. मान अवघडून गेली आणि डोळ्यांत पाणी आलं.

त्या सहा तासांत मी आजूबाजूला बघितलं. एक बाई दवाखान्याच्या कपड्यांतच खुर्चीत झोपली होती. ड्यूटी संपवून थेट आलेली. दुसरी एका शाळेत शिकवायची, वेण्या घालून घेता घेता मांडीवर उत्तरपत्रिका तपासत होती. तिला नव्या प्रिन्सिपॉलने सांगितलं होतं की पालकसभेला येताना केस "जरा व्यवस्थित" करून ये. हे सांगताना ती चिडली नाही, पुढचा पेपर घेतला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हे केस तुमचेच लोक विकतात ना आम्हाला? मग तू विकत घ्यायला कशी आलीस?" पाकिटावर मोठ्या अक्षरांत इंडियन हेअर लिहिलं होतं. सगळ्या हसल्या. मीही हसले, कितीतरी महिन्यांनी. लायसन्सवाल्या बाईची आठवण झाली आणि हसणं थांबलं.

निघताना दुकानवालीने बजावलं, "सिस्टर, टाक्यांवर तेल नको. सहा आठवड्यांनी परत ये. आणि डोक्याला विश्रांती लागते. हे कायमचं चालणार नाही."

सासूबाई जुलैत आल्या. एअरपोर्टवरच त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "केस बरे राखलेस हो," त्या म्हणाल्या. "पाण्याने थोडे राठ झालेत." नवरा ट्रॉली ढकलत पुढे निघून गेला.

ऑगस्टमध्ये त्याचं प्रोजेक्ट संपलं आणि कंपनीने त्याला बेंचवर बसवलं. म्हणजे नोकरी कागदावर आहे, पण काम नाही. क्लायंट सापडला तर ठीक, नाहीतर सामान बांधा. आठवड्या-पंधरवड्याने कुठेतरी इंटरव्ह्यू असायचा. तो सूट घालून दारात उभा राहायचा, मी त्याच्या तळहातावर चमचाभर दही घालायचे, तो ते चाटून निघायचा. इंजिनिअर माणूस, पण दही कधी विसरला नाही. मला ते आवडायचं. तेवढ्या दोन मिनिटांपुरता तो माझ्याकडे सरळ बघायचा.

आणि मी सहा आठवड्यांनी पुन्हा दुकानात गेले. घरी सांगितलं, पार्लरला जाते. सकाळी गेलेली संध्याकाळी आले, तर सासूबाई मोदकांची उकड घेऊन बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. "नवऱ्याच्या नोकरीचा पत्ता नाही," त्या उकडीला म्हणाल्या, "आणि इथे दिवस दिवस नटणं चाललंय."

मी हात धुऊन मोदक वळायला बसले.

मंडळाच्या गणपतीत आणखी भर पडली. आमच्या कॉम्प्लेक्समधल्या एका काकूंनी मला त्या दुकानातून बाहेर पडताना पाहिलं होतं. प्रसादाच्या रांगेत त्या मोठ्याने म्हणाल्या, "त्या दुकानात आपल्यातलं कोणी जात नाही गं. हिला भारी हौस." चार जणींनी माझ्या डोक्याकडे बघितलं आणि नाकं मुरडली. एकीने तर सासूबाईंना दिलासा दिला की पहिली दोन वर्षं अशी हवा लागते, मग उतरते. मला इतका राग आला होता की हातातली खिरापत सांडली. पण नटवी म्हणवून घेणं परवडत होतं. लोकांनी ठरवलेली बाई माझ्यापेक्षा सुखी होती. तिच्या आड मी बरी लपले होते.

दिवाळी आली. नरकचतुर्दशीला सासूबाईंनी पहाटे उठवलं. स्वयंपाकघरात पाट नव्हता म्हणून त्यांनी कार्टन उलटं ठेवून त्यावर टॉवेल घातला होता. भोवती रांगोळीची चार बोटं. वाटीत तेल कोमट केलेलं. "बस," त्या म्हणाल्या. "तुझं माहेर लांब. आज मी तेल घालते." इतक्या दिवसांत त्यांचा आवाज पहिल्यांदा मऊ झाला होता.

"आई, नको. मी लावते माझं माझं."

"गप्प बस गं. सणाच्या दिवशी कोणी आपलं आपण लावतं का?"

मी बसले. बसायला नको होतं. त्यांची बोटं टाळूवरून आत शिरली आणि टाक्यांच्या पहिल्या ओळीवर थांबली.

"अगं, गंगावन लावतेस होय!" त्या चक्क हसल्या. "मग लपवायचं काय त्यात? माझी आईसुद्धा लावायची. पोर झालं की केस जातात बायकांचे. काढ बघू, नीट मुळाशी लावते."

"निघत नाही, आई. शिवलंय."

"शिवलंय? डोक्याला?"

त्यांनी बोटांनी पट्टी उचलून बघितली. तेलाने हात बुळबुळीत झालेला. एक बोट जाळीच्या कडेतून खाली सरकलं आणि सरळ उघड्या कातडीवर टेकलं. तिथे गुळगुळीत होतं. मला माहीत आहे कसं होतं, मी रोज हात लावायचे.

"खाली काही नाही, आई," मी म्हणाले. "वर्ष होत आलं."

त्यांनी हात काढून घेतला. तेलाची वाटी ओट्यावर ठेवली. नळाखाली हात धुतले, साबण लावून परत धुतले. माझ्या अंगाला उटणं लावायचं राहिलं ते राहिलंच.

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मी ओरडले असते, मला ते छान जमतं. तिसऱ्या दिवशी भाजी चिरताना त्या आपण होऊन सांगू लागल्या. त्यांच्या वडिलांची एक आत्या होती. नवरा गेला तेव्हा कोवळी पोर होती. डोकं भादरून, लाल आलवणात तिचं आयुष्य मागच्या खोलीत गेलं. "मला तिनेच वाढवलं," सासूबाई म्हणाल्या. "न्हाऊमाखू घालायची, गोष्टी सांगायची. पण सकाळी वडील कामाला निघाले की मला पाठवायचे, जा, आत्याला सांग आत जा म्हणून. मी सांगून यायची. सहा-सात वर्षांची होते. ती काही न बोलता आत जायची." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि सुरी चालत होती.

मला वाटलं, आता त्या माझ्या डोक्यावर हात ठेवतील. खरंच वाटलं. पण त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "तुझा नवरा जिवंत आहे गं. म्हणून जिवाला घोर लागतो."

पुढच्या सोमवारी नवऱ्याचा इंटरव्ह्यू होता. मोठा क्लायंट, लांब मुदतीचं काम, आणि कंपनीने सांगून ठेवलं होतं की हे जमलं नाही तर पुढे काही खरं नाही. मी सकाळी वाटीत दही काढलं. केस विंचरले, टिकली लावली. वरून कोणाला काही कळलं नसतं, टाके पक्के होते.

नवरा स्वयंपाकघरात आला. टाय हातात होता. त्याने माझ्या हातातली वाटी घेतली आणि ओट्यावर ठेवली.

"आज आई देईल दही," तो म्हणाला.

"बरं."

"आणि तू जरा... बेडरूममध्ये थांबशील? मी निघेपर्यंत. पाच मिनिटांचा प्रश्न आहे."

मी त्याच्याकडे बघत राहिले. तो टायकडे बघत होता.

"तुझा विश्वास आहे यावर?"

"माझा नाही गं. आईसाठी. आजचा दिवस फक्त, प्लीज. मला आज काही रिस्क नको."

मी खूप काही बोलू शकले असते. मला शिव्याही येतात, मराठीत आणि आता इंग्रजीतही. पण सासूबाई दारात उभ्या होत्या, खाली मान घालून, आणि त्यांना मला काही सांगावं लागलं नव्हतं. मी आत गेले. दार लावून घेतलं. दह्यासाठी चमचा शोधताना खण उघडल्याचा आवाज आला, मग "येतो आई", मग गाडी सुरू झाल्याचा.

त्याला काम मिळालं.

संध्याकाळी त्याने मिठाई आणली. सासूबाईंनी देवापुढे ठेवली, मग मला दिली, मी खाल्ली. आमचं परत जाणं टळलं, व्हिसा टिकला, सगळ्यांचे फोन आले. त्या सकाळबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. दुकानवालीने पुढच्या खेपेला माझं डोकं बघितलं आणि पट्टी शिवायला नकार दिला, म्हणाली आता धरायला काही उरलं नाही. मी रुमाल बांधायला लागले. मंडळातल्या बायका त्यावरही काहीबाही बोलल्या असतील, मी ऐकायला गेले नाही.

जानेवारीत सासूबाई परत गेल्या. मला वाटलं, आता आमचं घर आमचं. पहिल्या सोमवारी नवरा बॅग घेऊन दारापाशी गेला आणि बूट घालून तिथेच उभा राहिला. मी ओट्यापाशी होते. त्याने किल्ल्या हातात वाजवल्या, घड्याळ बघितलं, निघाला नाही. तो काही बोलला नाही, आणि देवाशप्पथ, त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. तो नुसता थांबला होता.

मी हात पुसले आणि आत गेले. मग दार उघडल्याचा आवाज आला.