हवेचा स्क्रू

तलवाड्यात नवनाथचं गॅरेज शोधायला पत्ता लागत नाही. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचा निळा धूर जिथे दिसेल तिथे थांबायचं. तीस वर्षं या माणसाने दुसरं काही केलं नाही, आणि त्या गाड्यांच्या आवाजाने शेवटी त्याचे कान खाल्ले. बीडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, जाड आवाज येतील, बारीक आवाज गेले. नवनाथने ही गोष्ट गावात कुणाला कळू दिली नाही. बारीक आवाज ऐकायला त्याची बायको होती.

सत्यशीला त्याच पत्र्याखाली शिलाई मशीन चालवायची. गाडी चालू झाली की पायडल थांबवून, मान वर न करता म्हणायची, "अहो, कोरडी चाललीय. पेट्रोल कमी पडतंय तिला." नवनाथ "तू तुझं ब्लाऊज बघ" म्हणून खेकसायचा आणि ती पाठमोरी झाली की गुपचूप स्क्रू फिरवायचा. बायकोला शाबासकी द्यावी हे काही त्याच्या स्वभावात बसत नव्हतं.

मग पुण्यात लेकीला, आम्रपालीला, मुलगा झाला. सत्यशीला चार महिन्यांसाठी म्हणून गेली, त्याला आता दीड वर्ष झालं. लेक-जावई दोघंही नोकरीला, लेकरू आजीच्या अंगावर. तक्रार तरी कुणाची करणार? नवनाथने शिलाई मशीनवर चादर टाकली आणि गॅरेजात पाय ठेवायला जागा नसतानाही तिच्यावर कधी एक पानासुद्धा ठेवला नाही.

अशात उमापूरचा विजयसिंह आपली आरएक्स मोटरसायकल घेऊन आला. बागाईतदाराचा पोरगा, हौसेला तोटा नाही. सिलिंडर मोठा करून घेतलेला, सायलेन्सर नवा, आणि पिशवीत अठ्ठावीस मिलिमीटर तोंडाचा भलाथोरला कार्बोरेटर.

"मिस्त्री, ह्योच बसवा. मोठा असला की गाडी लई पळती."

"मोकळ्या रस्त्याला पळंल. पर वेशीत गुदमरंल त्याचं काय? एवढ्या मोठ्या तोंडातून हवा सावकाश आली की पेट्रोल वर ओढलंच जात न्हाई. चोवीसचा बसवतो."

विजयसिंहाचं तोंड पडलं, पण तो गाडी ठेवून गेला.

चोवीसचा बसला. आत पेट्रोल सोडणारा मोठा जेट घालून नवनाथ गेवराईच्या रस्त्याला पूर्ण रेस देत गेला, तिथेच इंजिन बंद करून प्लग खोलला. काळा आणि ओला, म्हणजे पेट्रोल जास्त. बारीक जेट घातला, पुन्हा फेरी मारली. तिसऱ्या फेरीला प्लग चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचा निघाला. डोळ्यांचं काम झालं. आता उरलं कानाचं. रेस सोडल्यावर इंजिन झटकन खाली येतं की बारीक आवाजात रडत रेंगाळतं, ते ऐकायचं होतं. रेंगाळलं तर हवा जास्त, आणि असं इंजिन एक दिवस तापून पिस्टन धरतं, जागीच जाम होतं. नवनाथने चारदा कान लावला. काही कळेना.

त्याने पुण्याला फोन लावला आणि स्पीकर सुरू करून सीटवर ठेवला.

"अगं, जरा आईक."

"रेस द्या," सत्यशीला म्हणाली. "सोडा. परत द्या. कोरडी हाय अजून. हवेचा स्क्रू पाव आटा आत घ्या."

त्याने घेतला.

"आता बसली बघा."

बरी हायेस का, असं त्याला विचारायचं होतं. "ठेवतो" म्हणाला आणि फोन ठेवला. मग दिवसभर स्वतःवरच चिडत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तो नीट बसलेला स्क्रू अर्धा आटा बाहेर काढला. गिऱ्हाइकाच्या गाडीशी असलं पाप त्याने तीस वर्षांत केलं नव्हतं. "अगं, परत कोरडी वाटतीय," फोनवर तो म्हणाला. तिने ऐकलं, सांगितलं, जाता जाता जेवलात का तेही विचारलं. त्या एका प्रश्नावर त्याचा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. विजयसिंह हेलपाटे घालून वैतागला, तर "नवा कार्बोरेटर हाय, बसायला येळ लागतो" अशी थाप ठोकून दिली.

चौथ्या दिवशी मात्र ती म्हणाली, "गाडी बंद करा आधी."

त्याने किल्ली फिरवली.

"स्क्रू आपोआप फिरत न्हाई. रोज तुमीच बिघडवताय. कशापायी?"

नवनाथने चादर टाकलेल्या मशीनकडे पाहिलं. "मंग फोन करायला काय सांगू?"

"त्या पोराची गाडी देऊन टाका. अन् करमत न्हाई म्हणून फोन करा. तेवढं कारण पुरतं."

त्याने स्क्रू जागेवर आणला आणि संध्याकाळी विजयसिंह गाडी घेऊन गेला. वेशीतून ती न गुदमरता गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. रोजच्या वेळेला नवनाथने फोन लावला.

"कोणती गाडी आलीय?" सत्यशीलाने विचारलं.

"कोणतीच न्हाई." त्याने घसा साफ केला. "करमत न्हाई गं."

पलीकडून ती काहीतरी पुटपुटली. त्याने फोन कानाशी दाबला, तरी ते त्याच्यापर्यंत आलं नाही.

"मोठ्यानं बोल. बारीक आईकू येत न्हाई मला."

आणि रविवारचं भरलेलं घर, लेक-जावई समोर बसलेले असताना, सत्यशीला मोठ्याने म्हणाली, "मला बी न्हाई करमत!"