सासूबाईंच्या तेरवीच्या रोट्या

माझ्या सासूबाईंनी, म्हणजे तुळसाबाईंनी, स्वतःच्या तेरवीचा बेत दोन वर्षं आधीच ठरवून ठेवला होता. उन्हाळ्यात गेल्या तर आमरस, हिवाळ्यात गेल्या तर वडे, आणि लांब रोट्या मात्र समोरच्या यमुताईच्याच हातच्या. आमच्या ओसरीत बसून त्या हे यमुताईंना मोठ्याने ऐकवायच्या. यमुताई चुलीवरून मान न उचलता म्हणायच्या, "तुम्ही जा त सई आधी काकू. रोट्याइची कायजी मले सोडा."

लांब रोटीला पोळपाट लागत नाही, लाटणं लागत नाही. सैल कणीक परातीत आपटून आपटून तार धरेपर्यंत मळायची. मग गोळा या हातावरून त्या हातावर झेलत पार कोपरापर्यंत वाढवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मटक्यावर टाकायचा. त्या धगीने यमुताईंच्या हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत एक केस उरला नव्हता. त्यांच्या नवऱ्याचा, विश्वनाथभाऊंचा, हातमाग बंद पडला, पाठोपाठ तेही गेले. पुढची बावीस वर्षं पाचपावली वस्तीतलं ते दोन खोल्यांचं घर या हातांनी, लग्नाकार्यांच्या रोट्या करून, चालवलं.

एकुलत्या एक लेकीला, धनश्रीला, त्यांनी मटक्याजवळ फिरकू दिलं नाही. पोरीने कणकेला बोट लावलं की उलथनं उगारायच्या. "तू पुस्तक घे. हे जळणं माह्यासंगं सरू दे." धनश्री शिकली, पुण्यात नोकरीला लागली. यंदाची लग्नसराई आटोपली की यमुताईंनी मटका माळ्यावर टाकायचा आणि लेकीकडे राहायला जायचं, असं ठरलं होतं.

मार्चमध्ये परात घासताना यमुताई पडल्या. उजवी बाजू गेली. पाय थोडा परत आला, वाचा जडशी आली, हात आला नाही. धनश्री लॅपटॉप घेऊन धावत आली आणि इथेच राहून काम करू लागली. हात आता येणार नाही, हे डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं. तिने मला सांगितलं. यमुताईंना कुणीच सांगितलं नाही.

आणि मे महिन्यात, ऐन आंब्यांच्या दिवसांत, सासूबाई गेल्या. वेळ साधणं त्यांना आयुष्यभर जमलं होतं.

जितेंद्रने, माझ्या नवऱ्याने, केटररला सांगून टाकलं. यमुताईंनी मनाला लावून घेऊ नये म्हणून मी त्यांच्याकडे गेले, तर त्या म्हणाल्या, "तेरवीले नऊ दिवस हायेत अजून. येईन हात." धनश्री म्हणाली, "हो आई, येईल." मीही मान हलवली. घरी येऊन मात्र मला सगळ्यांचा राग आला, माझा सगळ्यात जास्त. धडधाकट बायका आम्ही, आणि एका आजारी बाईशी इतक्या सहज खोटं बोलत होतो.

तेरवीच्या सकाळी बघते तर यमुताईंच्या अंगणात चूल पेटलेली. धनश्रीकडून कणीक मळून घेऊन त्या पाटावर बसल्या होत्या. "केटररच्या लोकं खातीन," त्या मला म्हणाल्या. "काकूच्या पानावर माह्या पायजेत."

त्यांनी डाव्या हातावर गोळा घेतला आणि झेलला. उजवा हात मांडीवरून हललासुद्धा नाही. गोळा राखेत पडला. दुसराही पडला. मला तिथून पळून जावंसं वाटलं. तिसरा गोळा त्यांनी उचलायच्या आत धनश्री बाह्या सरसावून शेजारी बसली.

"दे इकडे."

"तुले नाई येत."

"तुले तरी कुठं येऊन राहिलं?"

यमुताई लेकीकडे बघत राहिल्या आणि एकदम हसल्या. वाकड्या तोंडाने, लाळ गळेपर्यंत हसल्या. मार्चनंतर पहिल्यांदा.

मग जो गोंधळ झाला तो काय सांगू. धनश्रीची पहिली रोटी तिच्याच गळ्यात पडली, दुसरीला डोकं जाईल एवढं भोक. शेवटी दोघी खांद्याला खांदा लावून बसल्या. आईचा डावा हात, लेकीचा उजवा, आणि मधे तो निकामी हात. "वढू नको वं, झेल. माह्याकडं नको पाहू, गोळ्याकडं पाह्य." अकरा रोट्या झाल्या. त्यातल्या तीन रोटी म्हणण्यासारख्या. फाटक्या आम्ही तिघींनी तिथेच, मी घरून आणलेल्या आमरसात बुडवून खाल्ल्या. सासूबाईंच्या नैवेद्याच्या आधी खाल्ल्या, हे मी घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही. सुतकाच्या तेरा दिवसांत घास गोड लागला तो तेवढाच.

त्या तीन रोट्या पानावर वाढल्या. पंगती उठल्यावर संध्याकाळी मी यमुताईंना ताट घेऊन गेले. धनश्री आत फोनवर होती. जूनपासून तिला ऑफिसात बोलावलं होतं, आणि पुण्याच्या खोलीत दिवसभर आईजवळ कोण राहणार, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

"बावीस वर्सं एकटीच बसली वं मी या चुलीपाशी," यमुताई हळू आवाजात म्हणाल्या. "पोरीले दूर ठेवलं, तिच्या भल्यासाठीच ठेवलं. पन आज समजलं, संगं बसलं म्हंजे कसं लागते ते." मांडीवरच्या हाताकडे बघत म्हणाल्या, "हात नाई येत, चारू. मले दवाखान्यातच समजलं होतं."

मी ताट खाली ठेवलं. "मग सांगत का नाही तिला?"

"रोज तेल लावते धनू. घंटाभर बसते माह्याजवळ, हात मांडीवर घेऊन. सांगून टाकलं त कायले बसन?"

तेवढ्यात धनश्री कोमट तेलाची वाटी घेऊन बाहेर आली. यमुताईंनी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि लेकीच्या मांडीवर ठेवला.

"आज काही जाणवलं का, आई?"

"जरासं," यमुताई म्हणाल्या. "अंगठ्यापाशी."