धाकट्या घरचा बास

“डुप्लिकेट म्हनला का तू?”

एवढं विचारून तो उत्तरासाठी थांबायचा नाही. प्रश्न आणि थप्पड बरोबरच निघायचे आणि थप्पड आधी पोचायची. नायगावच्या एका रसवंतीवाल्याला त्यानं अशी वाजवली, की चरक उलटा फिरला आणि रसाचा परत ऊस झाला. तुम्हाला पटणार नाही. पण तो रसवंतीवाला आजही आमची गाडी दिसली की आधी गल्ल्याखाली वाकतो आणि मग ग्लास भरतो, हे तुम्ही जाऊन बघू शकता.

आमच्या नांदेडच्या ऑर्केस्ट्रात तो बास गिटार वाजवायचा आणि मी माईकवर बोलायचो. बास म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी एवढंच समजावं: गाणं कानाला ऐकू येतं, बास पोटाला. आम्ही त्याला उस्ताद म्हणायचो. तो मला ‘माईकवाले’ म्हणायचा, आणि रागात असला तर जे म्हणायचा ते इथं लिहिता येणार नाही.

भांडणाचं मूळ ती गिटार. अमेरिकेतली एक नामांकित कंपनी. तिचा तिकडे बनलेला बास घ्यायचा तर आमच्यासारख्यांनी शेत विकावं. त्याच कंपनीनं तोच नकाशा इंडोनेशियातल्या कारखान्यात धाडून गरिबांसाठी स्वस्तातले बास बनवून घेतले. आकार तोच, रंग तोच, डोक्यावरचं नाव तेवढं जरा वेगळं. उस्तादनं हैदराबादहून तसला एक आणला. रेल्वेत त्यानं बासला खिडकी दिली, स्वतः उभा राहिला, आणि ‘सामान खाली ठेवा’ म्हणणारे दोघे बासर स्टेशन यायच्या आधीच डबा बदलून गेले.

“माईकवाले, ऐका,” तो समजावून सांगायचा. “थोरल्या घरात जन्मला काय आन् धाकट्या घरात जन्मला काय, खानदान एकच. डुप्लिकेट म्हंजे चोरीचा. ह्यो चोरीचा हाय का? बापानं नाव दिल्यालं हाय.”

“मग अमेरिकेतला एवढा महाग का?”

“तिथला कामगार कॉफी पिऊन बसतो. इंडोनेशियातला भात खाऊन कामाला उठतो.”

“आणि लाकूड?”

“अखंड! एका झाडाचं एक लाकूड. उघडून बघायचं म्हनलात तर हात मोडीन.”

लातूरच्या एका ऑर्केस्ट्रा पार्टीकडं अस्सल अमेरिकन बास होता. तो मखमलीच्या पेटीत दवाखान्यातल्या पेशंटसारखा निजलेला असायचा. धूळ लागते म्हणून खेड्यातल्या लग्नाला तो आणतच नसत. आमच्या बासनं मात्र धूळ, हळद, वरण, सगळं अंगावर घेतलं. त्याच्या फटींत इतक्या अक्षता अडकल्या होत्या, की एका पावसाळ्यात त्याला कोंब फुटले आणि उस्तादनं ते कापून वासराला घातले.

आता कामाची गोष्ट. आमच्याकडच्या लग्नात मारामारी मेनूत नसते, पण असते. कुणाचं गाणं आधी लावायचं एवढं कारण पुरतं. अशा वेळी गायक पळतो, ढोलकीवाला ढोलकीआड लपतो, मी ‘शांतता राखा’ असं म्हणून आधी स्वतः शांत होतो. उस्तादचा नियम एकच होता: “काहीबी होऊ द्या, बास थांबत न्हाई.”

त्याचं कारणही त्यानंच सांगितलं होतं. मांडवामागं पंगत बसलेली असते. गाणं तिथवर नीट पोचत नाही, पण बास पोचतो. पोटात धुम धुम चालू आहे तोवर लोक जेवत राहतात. बास थांबला की पंगत उठते. दोन्हीकडचे चुलते, मामे, मेहुणे पळत येतात, आणि चार पोरांच्या भांडणात सगळा गाव सांडतो. “पंगत उठली की मुडदा पडतो,” असं तो म्हणायचा.

हा नियम त्यानं एकदाच मोडला. हदगावला. समोर धक्काबुक्की चालू होती, आणि गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “डुप्लिकेट बंद कर!” उस्तादनं बास खाली ठेवला, स्टेजवरून उडी टाकली, आणि त्या माणसाच्या कानाखाली असा जाळ काढला की मांडवाच्या झालरी हलल्या. पण बास थांबला होता. मागं बुंदीचे घास तोंडापाशी थांबले. मग पंगत उठली. झारे आले, पळ्या आल्या, बाकड्यांचे पाय आले. एका वाढप्याच्या डोळ्यात झारा गेला. त्या बिचाऱ्याचं कुणाशीच भांडण नव्हतं. तो मठ्ठा वाढत होता.

पुढं हदगाववरून जायचं झालं की उस्ताद त्या वाढप्याच्या घरी उतरायचा. आम्ही गाडीत थांबायचो. एकदा परत येऊन म्हणाला, “चहा पाजतो त्यो मला. शिवी देत न्हाई. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.” त्या दिवसापासून स्टेजवर असताना त्यानं कुणावर हात उचलला नाही.

अहमदपूरचं लग्न हे त्याच्यासोबतचं आमचं शेवटचं. नवऱ्याकडच्यांना डीजे हवा होता. नवरीच्या भावानं परस्पर आम्हाला सांगितलं. नवऱ्याचा एक मित्र लातूरचा डीजेवाला, त्याला हे झोंबलं. अक्षता पडल्या, मागं पंगत बसली, आणि भर दुपारी त्यानं आणि त्याच्या तीन-चार दोस्तांनी मांडवाचे लोखंडी पाइप उपसून नवरीच्या भावाला स्टेजसमोर घेरलं. पहिला पाइप भावाच्या पाठीत बसला. दुसरा गुडघ्यावर. भाऊ खाली पडला. नवरी खुर्चीत उभी राहून ओरडत होती, आणि उस्ताद वाजवत होता. मागून आवाज आला, “मठ्ठा फिरवा रे इकडं!” म्हणजे पंगत बसलेली होती. नवऱ्याचा बाप आणि दोन म्हातारे पोरांना ओढत होते. भावाला सोडवायला तेवढाच वेळ हवा होता.

डीजेवाल्याच्या लक्षात आलं. तो स्टेजवर चढला.

“बंद कर बे!”

धुम, धुम.

“अमेरिकन म्हनं! डुप्लिकेट हाय ह्यो!”

आम्ही डोळे मिटले. उस्तादचा उजवा हात वर गेला. गेला तसा खाली आला, तारेवर.

मग पाइप बासवर बसला. रंगाचा टवका उडाला, कोपऱ्याचा तुकडा उडाला, आणि आत खारी बिस्किटासारखे थर दिसले.

“प्लायवूड हाय रे!” डीजेवाला हसला. “घरच्या दाराचा हाय!”

उस्तादनं त्या थरांकडं एकदा बघितलं. लेकरू परक्यासमोर नागडं झालं तर बाप जसा बघतो तसं. आणि पुन्हा वाजवू लागला. पुढचा पाइप त्याच्या डाव्या हाताच्या बोटांवर बसला. मी वाढवून सांगणारा माणूस आहे, पण तो आवाज जेवढा होता तेवढाच सांगतो: वाळकी काडी मोडावी एवढा. डावा हात खाली लोंबला. उजव्या हातानं तो एकच मोकळी तार वाजवत राहिला. धुम. धुम. धुम.

तेवढ्यात म्हाताऱ्यांनी भावाला उचलून जीपमध्ये घातलं. नवऱ्याच्या बापानं स्टेजवर चढून पायातलं पायताण काढलं आणि डीजेवाल्याला असा हाणला, की तो थेट लातूरच्या हद्दीत जाऊन पडला असावा. आम्हाला काही पुन्हा दिसला नाही. पाइपवाले पांगले. सगळं संपलं.

उस्ताद थांबेना. डोळे गच्च मिटलेले. “उस्ताद, झालं,” मी म्हणालो. ढोलकीवाल्यानं खांदा धरला तर त्याला कोपर बसलं.

शेवटी नवरी खुर्चीवरून खाली उतरली. मुंडावळ्या सावरत आली आणि तिनं मेंदीचा तळहात तारांवर पालथा ठेवला. आवाज तिच्या हाताखाली विझला.

“दादा, भाऊ वाचला. दवाखान्यात नेला.”

त्यानं डोळे उघडले. घामानं अंग निथळत होतं. त्याची बोटं पुढं जुळली, पण वळली नाहीत. तो आता मुखेडकडं बहिणीच्या गावी असतो, आणि आमचा बास कीबोर्डवाला डाव्या हातानं उरकतो. पण त्या दुपारी आम्हाला हे कुठं ठाऊक होतं? त्यानं आधी बाहीनं ते प्लायवूड झाकलं, नवरीला दिसू नये म्हणून.

तेवढ्यात मागून, पंगतीतून कुणीतरी हाक दिली, “काय रे, वाजवनं का थांबवलं? कुनी मेलं का तिकडं?”

मी माईक उचलला. उस्तादनं उजवा हात पुढं केला. इतक्या वर्षांत त्यानं माईक कधी मागितला नव्हता. मी तो त्याच्या तोंडापाशी धरला.

“कुनी मेलं न्हाई,” तो म्हणाला. “सावकाश होऊ द्या.”